बायनोव्ह्यूअरसाठी आयपीसची जोडी निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : ८ इंची आरशाची, १२०० मिमी फोकल लेंथची (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे आरशाच्या व्यासाच्या सहा पट, एफ/६, अशी हाताने ढकलून फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहता यावं म्हणून नवीन बायनोव्ह्यूअर घेतला आहे. दुर्बिणीसोबत २५ मिमी आणि १० मिमी असे एकेक प्लॉसल (चार भिंगांच्या साध्या रचनेचे) आयपीस, म्हणजे डोळा लावून पाहायच्या भिंगांच्या नळ्या, आले होते. त्यांचेच जुळे आणून दोन जोड्या कराव्यात, की रुंद क्षेत्राचे महाग आयपीस घ्यावेत? चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे अडीच आणि अर्धा सिलिंडर. एकूण किती जोड्या लागतील?

आधी सरळ उत्तर देतो. सध्या एकच जोडी घ्या, २४-२५ मिमीच्या आसपासची. दोन-तीन महिने तीच वापरा. त्यानंतर गरज वाटली तर १५ मिमीची दुसरी. १० मिमीचा जुळा आणू नका, पैसे वाया जातील. असं का, हे समजायला आयपीसच्या थोडं मागे, बायनोव्ह्यूअर दुर्बिणीला लागतो त्या जागेपर्यंत जावं लागेल.

बायनोव्ह्यूअरमध्ये शिरलेला प्रकाश प्रिझमवर दुभंगतो आणि वळणं घेत दोन आयपीसपर्यंत पोचतो. या वळणांत १०० ते १३० मिमी अंतर खर्ची पडतं. म्हणजे फोकसर, आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी, तेवढा आत जायला हवा, आणि तुमच्यासारख्या न्यूटोनियन (आरशांच्या) दुर्बिणीच्या फोकसरला इतकी जागा नसते. तारा लहान होत होत येतो आणि टाचणीच्या टोकाएवढा होण्याआधीच फोकसर तळाला टेकतो. नवीन बायनोव्ह्यूअर बिघडलेला आहे असं पहिल्या रात्री अनेकांना वाटतं ते यामुळेच. प्राथमिक (तळाचा मोठा) आरसा १०० मिमी वर सरकवण्याचा एक उपाय आहे. पण मग दुय्यम (तोंडाजवळच्या छोट्या) आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू सुमारे १७ मिमीने रुंद होतो आणि तुमच्या आकाराच्या दुर्बिणीतला दुय्यम आरसा त्याला अपुरा पडू लागतो. शिवाय नळी कापायची किंवा आरशाचं बूड हलवायचं काम आहे. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. बायनोव्ह्यूअरच्या पुढच्या नळीला बार्लोचं भिंग, म्हणजे दुर्बिणीची फोकल लेंथ वाढवणारं अंतर्गोल भिंग, लावा. फोकस बाहेर ढकलला जातो आणि प्रश्न सुटतो.

पण बार्लो लावला की आयपीसचं सगळं गणित बदलतं, आणि नेमकं हेच न पाहता लोक आयपीस विकत घेतात. बार्लोवर ‘२ पट’ छापलेलं असलं तरी तो आकडा एका ठरावीक अंतरासाठी असतो. भिंगापासून आयपीसपर्यंतचं अंतर वाढलं की पट वाढते. हिशेब सोपा आहे : अंतराला बार्लोच्या फोकल लेंथने भागा आणि त्यात १ मिळवा. समजा, बार्लोची फोकल लेंथ १०० मिमी आहे आणि तो १०० मिमी अंतरावर २ पट देतो. अख्खी बार्लोची नळी लावून तिच्यावर ११० मिमी वाटेचा बायनोव्ह्यूअर चढवलात, तर अंतर २१० मिमी झालं आणि पट झाली ३.१. तुमच्या दुर्बिणीत २५ मिमीचा आयपीस एरवी ४८ पट मोठं दाखवतो, तो आता जवळजवळ १५० पट दाखवेल. १० मिमीचा तर ३७० पटींच्या वर जाईल. ८ इंची दुर्बिणीत इतकं वर्धन वातावरण क्वचितच पेलू देतं. याउलट बार्लोची नळी काढून फक्त भिंगाची कडी बायनोव्ह्यूअरच्या तोंडाशी फिरवून बसवली, तर अंतर साधारण ११० मिमी राहतं आणि पट २.१ च्या आसपास. तुमच्यासाठी हीच मांडणी चांगली. मात्र भिंग मूळ फोकसच्या सुमारे ५० मिमी आत जायला हवं, तेव्हा तुमचा फोकसर तेवढा आत जातो का हे दिवसाउजेडी पाहून घ्या.

खरी पट किती पडली हे अंदाजाने ठरवू नका, आकाशातच मोजा. डॉब्सोनियन आपोआप फिरत नाही, ते इथे कामाला येतं. मृग नक्षत्रात व्याधाने मारलेल्या बाणाचे जे तीन तारे आहेत, त्यांतला सर्वांत पश्चिमेचा मिंटाका जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो दृश्यक्षेत्राच्या एका कडेला आणा, दुर्बीण सोडून द्या आणि तो बरोबर मधोमध जाऊन दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंतचे सेकंद मोजा. विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ कोनीय सेकंद सरकतो (३६०० कोनीय सेकंद म्हणजे एक अंश). आयपीस उलटा धरून पाहिलात तर आत एक धातूची कडी दिसते, तिला फील्ड स्टॉप म्हणतात. २५ मिमीच्या एका चांगल्या प्लॉसलमध्ये तिचा व्यास २१.२ मिमी असतो. समजा, ताऱ्याला ११५ सेकंद लागले. म्हणजे क्षेत्र १७२५ कोनीय सेकंद, अर्थात ०.४८ अंश. २१.२ ला ५७.३ ने गुणून ०.४८ ने भागलं की सुमारे २५३० मिमी येतात. ही झाली तुमच्या दुर्बिणीची बार्लोसकट खरी फोकल लेंथ. तिला १२०० ने भागलं की २.१. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. एवढं केलंत की पुढचा कुठलाही आयपीस घेण्याआधी तो किती वर्धन देईल हे तुम्हाला घरबसल्या सांगता येईल.

२.१ पट धरून चाललं, तर २५ मिमीची जोडी १०० पट देते, २० मिमीची १२६, १५ मिमीची १६८ आणि १० मिमीची २५०. आता बायनोव्ह्यूअरमधून नेमकं काय पाहायचं याचा विचार करा. प्रकाश दोन डोळ्यांत विभागला जातो, म्हणजे प्रत्येक डोळ्याला निम्माच. ताऱ्यांची तेजस्विता ज्या ‘प्रती’त मोजतात, त्या भाषेत पाऊण प्रतीचा तोटा. मेंदू दोन प्रतिमा एकत्र करतो तेव्हा फिकट छटांमधला फरक ओळखण्याची ताकद साधारण १.४ पट होते. त्यामुळे तोटा थोडा भरून निघतो, पण पूर्ण नाही. चंद्र, गुरू, शनी, मंगळ यांना प्रकाशाची ददात नाही, तिथे बायनोव्ह्यूअर फार मोठं सुख देतो. उलट अंधूक दीर्घिका आणि पसरट तेजोमेघ पाहायचे असतील, तर बायनोव्ह्यूअर काढून ठेवा आणि एकाच डोळ्याने, कमी वर्धनाच्या एका आयपीसने पाहा. म्हणून तुम्हाला कमी वर्धनाची जोडी लागतच नाही. जोडी हवी ती १०० ते १७० पटींमधली, आणि ती २५ व १५ मिमी यांत पूर्ण बसते. गोलाकार तारकागुच्छ याला थोडा अपवाद. शौरी तारकासमूहातला एम १३ किंवा ओमेगा सेंटॉरी १२०-१३० पटींत दोन डोळ्यांनी पाहिला की काही तारे पुढे आणि काही मागे असल्यासारखे वाटतात. दोन्ही डोळ्यांना एकच प्रतिमा मिळत असल्याने ही खोली खरी नसते, मेंदूच ती रचतो. तरीही मी ते दृश्य पाहायला पुन्हा पुन्हा जातो.

आता चेहऱ्याकडे वळू. एका डोळ्यासाठीचा आयपीस कितीही जाडजूड असला तरी चालतो. दोन आयपीस शेजारी-शेजारी आले की मध्ये नाक असतं. मोठ्या माणसांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास, पण ५४ पासून ७४ पर्यंतही सापडतं. तुमचं अंतर मोजायला बायनोव्ह्यूअरच वापरा. कुठलेही दोन आयपीस लावून दिवसा दूरच्या भिंतीकडे धरा, दोन्ही डोळ्यांना पूर्ण गोल दिसेपर्यंत तो मिटा-उघडा, आणि मग डाव्या आयपीसच्या डाव्या कडेपासून उजव्याच्या डाव्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. समजा, ६१ मिमी आलं. ३५ मिमी जाडीचे आयपीस असतील तर मध्ये २६ मिमी फट राहते, नाक आरामात बसतं. ५० मिमी जाडीचे असतील तर राहतात जेमतेम ११ मिमी. माझ्या अनुभवात १६-१८ मिमीपेक्षा कमी फट राहिली की नाकाचं हाड दाबलं जातं, डोळा आयपीसपासून दूर राहतो आणि ज्या रुंद क्षेत्रासाठी पैसे मोजले तेच दिसत नाही. मी स्वतः एकदा डोळ्याला ८२ अंश रुंद क्षेत्र दाखवणारी एक सुरेख जोडी घेतली होती. एकेकट्या डोळ्याला दोन्ही आयपीस अप्रतिम होते. जोडीने मात्र मला क्षेत्राची कड कधीच दिसली नाही, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागायचं. शेवटी ती जोडी दिली आणि निम्म्या किमतीची सडपातळ जोडी घेतली. आजही तीच वापरतो. जाहिरातीतल्या अंशांच्या आधी आयपीसचा बाहेरचा व्यास पाहा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो ते यामुळे. घरातली लहान मुलं पाहणार असतील तर आणखीच जपा, त्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी असतं.

दुसरी गोष्ट आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून किती दूर ठेवून पूर्ण क्षेत्र दिसतं ते अंतर. प्लॉसलमध्ये ते फोकल लेंथच्या ७०-८० टक्के असतं. २५ मिमीमध्ये १७-१८ मिमी, १५ मिमीमध्ये १०-११, आणि १० मिमीमध्ये जेमतेम ७. एका डोळ्याने ७ मिमीवर पाहणं जमतं, कारण डोकं तिरकं करून हवं तसं टेकवता येतं. दोन्ही डोळे एकाच वेळी तेवढे जवळ न्यायचे म्हणजे पापण्यांचे केस भिंगाला घासतात, काच तेलकट होते, नाकातून येणाऱ्या श्वासाने धूसर होते. १० मिमीला नाही म्हणण्याचं हे दुसरं कारण. पण आय रिलीफ फार लांबही नको. ३२ मिमीच्या प्लॉसलमध्ये तो २२ मिमीच्या आसपास जातो, डोळ्याला टेकायला काही उरत नाही आणि डोकं जरा हललं की एका बाजूने काळी सावली सरकत येते. एका डोळ्यात सावली आली की मेंदू जोडलेलं चित्र सोडून देतो आणि पुन्हा जुळवायला काही क्षण जातात. १२ ते १८ मिमी आय रिलीफ आणि वर-खाली करता येणारी रबरी कड, हे मला सर्वांत सुखाचं वाटतं.

तुमच्या चष्म्याची काळजी इथे करू नका. उणे अडीच हा नंबर फोकसने भरून निघतो. चष्मा काढून ठेवा, आधी एका डोळ्याला दुर्बिणीच्या फोकसरने स्पष्ट करा, मग दुसऱ्या डोळ्याचा फरक त्या बाजूच्या आयपीसच्या बैठकीतला फोकस फिरवून जुळवा. बैठकीत तशी सोय नसेल तर तो आयपीस मिलिमीटरभर वर उचलून कसा. सिलिंडर फोकसने जात नाही हे खरं, पण त्याचा त्रास किती होणार हे आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशझोत किती जाड आहे यावर ठरतं. तुमच्या मांडणीत दुर्बीण एफ/१२.६ होते, म्हणून २५ मिमीच्या आयपीसमधून झोत निघतो फक्त २ मिमीचा आणि १५ मिमीच्या आयपीसमधून १.२ मिमीचा. एवढ्या बारीक झोतात अर्धा सिलिंडर सहसा जाणवत नाही. दीड-दोन सिलिंडर असता तर चष्म्यासकट पाहता येईल अशा लांब आय रिलीफच्या आयपीसचा विचार करावा लागला असता.

बार्लोचा आणखी एक फायदा आहे. एफ/६ चा रुंद शंकू प्रिझमच्या जाड काचेतून गेला की ताऱ्याभोवती थोडा रंग आणि थोडा गोलीय दोष (मधला आणि कडेचा प्रकाश एकाच बिंदूत न जुळणं) येतो. शंकू एफ/१२ च्या पुढे गेला की हे दोन्ही दिसेनासे होतात. आणि आयपीसवरचा ताणही उतरतो. एफ/५ च्या दुर्बिणीत कडेला तारे ओढल्यासारखे दाखवणारा साधा आयपीस एफ/१२ वर काठापर्यंत स्वच्छ दाखवतो. महागडे आयपीस ज्या कामासाठी किंमत मागतात ते काम इथे बार्लोने आधीच सोपं केलेलं असतं. व्हिएन्नाच्या जॉर्ज सायमन प्लॉसल यांनी १८६० साली ही चार भिंगांची रचना केली, आणि आज बायनोव्ह्यूअरमध्ये ती दोन्ही डोळ्यांना पुरून उरते. प्लॉसलचं डोळ्याला दिसणारं क्षेत्र ५० अंशांचं, पण दोन डोळ्यांनी ते एका डोळ्याच्या मानाने बरंच ऐसपैस वाटतं.

मग रुंद क्षेत्र कधी घ्यावं? तुमची दुर्बीण हाताने ढकलायची आहे, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. १०० पटींत ५० अंशांच्या आयपीसमधून ग्रह दोन मिनिटांच्या आत निघून जातो, २५० पटींत तर पाऊण मिनिटात. प्रत्येक धक्क्यानंतर चित्र हलतं आणि डोळ्यांना पुन्हा जुळावं लागतं. ६० ते ६८ अंशांची, ३५-४० मिमी जाडीची २४ मिमी जोडी मिळाली तर हा त्रास कमी होतो. किंमत परवडत असेल तर घ्याच. पण आधी तुमच्या बायनोव्ह्यूअरच्या प्रिझमचं मोकळं तोंड किती मिमीचं आहे ते पाहा. साध्या बायनोव्ह्यूअरमध्ये ते २०-२३ मिमी असतं, मोठ्या प्रिझमवाल्यांमध्ये २६-२८. २४ मिमी, ६८ अंशांच्या आयपीसचा फील्ड स्टॉप २७ मिमीचा असतो. २२ मिमीच्या प्रिझममागे तो लावला तर कडा अंधारतात, विकत घेतलेला काठ मंद पडतो. तुमच्या मांडणीत २१ मिमी फील्ड स्टॉपमधून २९ कलांचं (६० कला म्हणजे एक अंश) आकाश दिसतं, म्हणजे पूर्ण चंद्र अगदी थोडक्यात कापला जातो. २७ मिमीमधून ३७ कला दिसतात, चंद्राभोवती काळं आकाशही येतं. मोठं प्रिझम असेल तर तेवढ्यासाठी ती जोडी घेण्यासारखी आहे, लहान असेल तर २० मिमीच्या आसपासची ६० अंशांची जोडी घ्या.

केवळ ग्रहांसाठी जगणाऱ्यांना मी १८ मिमीची ऑर्थोस्कोपिक जोडी सुचवतो. क्षेत्र ४२-४५ अंशांचंच, पण जुन्या धाटणीच्या ऑर्थोचा वरचा भाग निमुळता असतो, नाकाला भरपूर जागा मिळते आणि गुरूच्या पट्ट्यांतले बारीक फाटे त्यात फार सुंदर दिसतात. झूम आयपीसची जोडी मात्र टाळा. दोन्हीकडचं वर्धन तंतोतंत सारखं ठेवणं कठीण, आणि आतली भिंगं सरकताना मध्य किंचित ढळला तरी चित्रं जुळत नाहीत.

जुळवण्यावरून जुळ्यांचा मुद्दा. तुमच्याकडे आधीचा २५ मिमीचा आहे, त्याला तशाच नावाचा दुसरा आणण्याचा मोह होईल. नाव तेच असलं तरी वेगवेगळ्या वर्षांच्या उत्पादनात काचेवरचा लेप, रबरी कड, कधी आतली रचनाही बदललेली असते. एका डोळ्याला चंद्र किंचित पिवळा आणि दुसऱ्याला किंचित निळा दिसला तरी डोळे थकतात. वर्धनात एक-दोन टक्क्यांचा फरक मेंदू सांभाळून घेतो, त्याहून जास्त नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, खोके उघडून शेजारी ठेवून घ्या.

आणि आयपीसची नळी गुळगुळीत आहे का ते नक्की पाहा. पुष्कळ आयपीसच्या नळीला, निसटून पडू नयेत म्हणून, एक खोलगट खाच असते. बायनोव्ह्यूअरमध्ये तीच घात करते. मला एका रात्री गुरू दुहेरी दिसू लागला, एक वर आणि एक जरा खाली. बायनोव्ह्यूअरचं प्रिझमच हललं असं समजून मी तो दुरुस्तीला पाठवायची तयारी केली होती. पाठवण्याआधी सहज उजवा आयपीस पाव वळण फिरवला, तर खालचा गुरू सरकून बाजूला गेला. आयपीस कसायचं मळसूत्र खाचेच्या उतारावर दाबत होतं आणि आयपीस केसभर तिरका बसत होता. चहूबाजूंनी आवळणारी बैठक आणि गुळगुळीत नळी असेल तर हा त्रास होत नाही. खाच असेलच, तर तिच्यावर पातळ टेप नळीच्या पातळीपर्यंत गुंडाळा.

जोडी नीट बसली की नाही हे ताऱ्यावर तपासता येतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्यात तारा टोकदार करा आणि उजव्याचा फोकस बिघडवून त्याची चकती होऊ द्या. बिंदू चकतीच्या आत, मध्याजवळ दिसायला हवा. डावी-उजवीकडची थोडी चूक डोळे स्वतः वळून भरून काढतात. वर-खालीची चूक त्यांना जवळजवळ सोसत नाही. बिंदू चकतीच्या वर किंवा खाली बाहेर पडत असेल तर आयपीस फिरवून, मग डावा-उजवा अदलाबदल करून पाहा. आयपीस बदलल्यावर चूकही बाजू बदलत असेल तर दोष आयपीसमध्ये आहे, जागच्या जागी राहिली तर बायनोव्ह्यूअरमध्ये.

वजनही विसरू नका. बायनोव्ह्यूअर आणि दोन आयपीस मिळून डॉब्सोनियनचं तोंड सहज खाली झुकतं, म्हणून मागच्या बाजूला चुंबकी वजन लावायची तयारी ठेवा. हलकी जोडी घ्यायचं हे आणखी एक कारण.

पहिली रात्र चंद्रासाठी ठेवा, शुक्ल नवमी-दशमीच्या सुमाराची. तेव्हा ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवरावर सूर्य नुकताच उगवत असतो. २५ मिमीच्या जोडीने, १०० पटींवर, खुर्चीत बसून, दोन्ही डोळे सैल सोडून पाहा. आधी चित्र किंचित तरंगेल, मग जुळेल. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी आतली भिंत आणि अंधारातून वर आलेले मधले शिखर इतके ठसठशीत दिसतात, की विवराच्या काठावर वाकून आत पाहतोय असं वाटतं. पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा. त्यानंतरही आणखी जवळ जावंसं वाटलं, तर १५ मिमीची जोडी मागवा.